पलीकडून दोनदा टकटक

वीज गेली तशी पोरं गच्चीवर जमली. काकांनी कठड्याला पाठ टेकली. त्यांचा जन्म बांधकामांवर मुकादमी करण्यात गेलेला, त्यामुळे गोष्ट सांगतानाही ते आधी पाया खणायचे.

"भुताची सांगा," पुतण्या म्हणाला.

"भुताची नाही, नाडीवाल्याची. माझ्या ओळखीतला माणूस आहे. पटलं नाही तर जाऊन विचार त्याला."

"सांगेल तो?"

"नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

नाडीवाला म्हणजे भिंतीची नाडी बघणारा, काँक्रीट तपासणारा. त्याच्या पेटीत एक यंत्र, यंत्राला दोन वायरी, त्यांच्या टोकांना मुठीत मावतील असे दोन प्रोब. तोंडाला ग्रीस फासून एक भिंतीला अलीकडून टेकवायचा, दुसरा बरोबर समोर, पलीकडून. अलीकडून आवाज सुटतो, पण माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. भिंत भरीव असली तर झटकन पलीकडे पोचतो. आत पोकळी असली तर वळसा घालत, रखडत. किती वेळ लागला ते यंत्र दाखवतं.

बायको गेल्यापासून हा माणूस लाकूड झाला होता. रडला नाही, चिडला नाही. वाढलं की जेवायचा, नाही वाढलं तर आठवणही करायचा नाही. काम मात्र चोख.

मागच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्री त्याला टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर बोलावलं. टाकी जुनी, दुरुस्तीसाठी रिकामी केलेली, आणि पहाटे भरायची होती. खाली उतारावर घरांची रांग, त्यातलं पहिलंच घर त्याच्या लेकीच्या सासरचं. भिंत फुटली तर पाणी आधी तिच्या उंबऱ्यात.

वर जाताना तो तिच्या दारात थांबला.

"बाबा, उद्या नळाला पाणी येईल ना? सासूबाई आंघोळीलाही मापाने पाणी देतात."

"बघतो."

"बघताय काय, सोडाच. जेवलात?"

त्याला आठवेना.

हाताखाली मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो दुसरा प्रोब घेऊन शिडीने टाकीत उतरला. आतलं बोलणं बाहेर नुसतं घुमतं, म्हणून त्यांची एक रीत होती. खडूच्या खुणेवर प्रोब टेकवला की मेहुण्याने आतून दोनदा ठोकायचं. मग नाडीवाला बटण दाबणार.

टक टक. आकडा. पुढची खूण. टक टक. आकडा.

कोपरा वळून ते लेकीच्या घराकडच्या भिंतीला लागले. आकडे सुधारले. चांगलेच सुधारले. पोरीला पाणी मिळेल, असं त्याच्या मनात आलं. आनंद नाही झाला. नुसतं मनात आलं.

टक टक.

"दाजी, चहा."

मागे मेहुणा उभा. ग्रीसने माखलेला हात विजारीला पुसत. दुसऱ्या हातात थर्मास.

"तू... बाहेर कधी आलास?"

"मघाशीच. कोपरा झाला तेव्हा. तुम्हाला हाक मारली की! मान हलवलीत तुम्ही."

"प्रोब?"

"आत. जमिनीवर ठेवलाय."

नाडीवाल्याने भिंतीकडे पाहिलं.

टक टक.

त्याचं बोट सवयीने बटणावर गेलं. आकडा आला.

"दाजी... चला इथून."

"मग? पळाले?" पुतण्याने विचारलं.

"तो कुठला पळतोय! पळायला आधी घाबरावं लागतं."

त्याने आकडा पाहिला. मग भिंतीची जाडी. एवढ्या जाड भिंतीतून आवाज इतक्या लवकर येतच नाही. कितीही भरीव असो. नाहीच येत. म्हणजे दुसरा प्रोब पलीकडे नव्हता. जवळ होता...

मध्येच कुठेतरी.

तो शिडीने टाकीत उतरला. एकटा. प्रोब जमिनीवरच पडला होता. तो त्याने प्रत्येक खुणेवर स्वतः धरला. बाहेर मेहुणा बटण दाबत होता. या वेळी कुणी ठोकलं नाही. आकडे रखडत आले. ती अख्खी बाजू पोकळ.

"पाणी सोडू नका," त्याने इंजिनिअरला सांगितलं.

"अहो, तुमचे पहिले आकडे तर उत्तम आहेत!"

"ते माझे नाहीत."

खालच्या रांगेने त्याला शिव्या घातल्या. लेकीने अबोला धरला. त्याने ते सगळं, वाढलेल्या ताटासारखं, मुकाट्याने घेतलं.

काका कठड्यापासून पुढे सरकले.

"पुढे ती भिंत कापली," ते म्हणाले. "मजूर माझेच होते. आत लांबच लांब पोकळी. माणूस आडवा सरकत जाईल एवढी. ना आतून वाट, ना बाहेरून. ओतली त्या दिवसापासून बंद. मी बॅटरी मारली..."

"काय होतं?"

"कोणी नव्हतं. धूळ. कोरडी. आणि त्या पोकळीच्या आत, भिंतीवर, नाडीवाल्याच्या एकेका खुणेच्या बरोबर मागे, ग्रीसचा एकेक गोल. बोट लावून पाहिलं मी."

"मग?"

"ओला."