पडदा न पडलेला प्रयोग

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. माझ्या मामाच्या तोंडची ही गोष्ट मी जराही तिखटमीठ न लावता सांगतोय.

मामा आमच्या गावच्या थिएटरात प्रॉम्प्टर होता, नट अडखळले की विंगेतून पुढचा शब्द द्यायचा. त्याच्याआधी आजोबा होते. अर्धं गाव तिथे लहानाचं मोठं झालं, एकच नाटक पिढ्यान्‌पिढ्या पाहत. तिथला नियम एकच. पडदा पडेपर्यंत प्रॉम्प्टरने विंग सोडायची नाही.

शेवटी थिएटर पाडायचं ठरलं.

त्या दुपारी मामा विंगेतली आपली खुर्ची आणायला गेला. मामी बाहेर रिक्षात थांबली. आत सगळं उघडंबोडकं. पडदासुद्धा सकाळीच उतरवून नेलेला.

मामाने खुर्ची उचलली आणि...

स्टेजवर कुणीतरी बोलत होतं.

बाईंचा आवाज. नाटकातली आई जन्मभर त्यांनीच केली. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"घर सोडून जायचं म्हणतोस, पण..."

बाई अडखळल्या. नेहमी तिथेच अडखळायच्या.

मामाने सवयीने पुढचा शब्द दिला.

लगेच जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. बाई पुढे बोलू लागल्या.

मामा दाराकडे धावला. दार उघडेना. बाहेर मामी रिक्षावाल्याला सांगत होती, "यांचं नेहमीचंच आहे हो. एकदा आत गेले की गेले!" मामाने दार बडवलं, हाका मारल्या. तिला काहीच ऐकू गेलं नाही.

मागे बाई पुन्हा थांबल्या होत्या...

मामाची पार गाळण उडाली. विंगेत परतून त्याने अख्खं नाटक सांगितलं. शेवटच्या वाक्याला दार आपोआप उघडलं.

"वाटलं, सुटलो," मामा म्हणाला. "पण पडदा कुठे पडला होता?"

तेव्हापासून रोज दुपारी त्यांच्या घरात सगळे आवाज थांबतात आणि दार उघडेनासं होतं. मामा कपाटाआड उभा राहतो आणि नाटक सांगतो.

मला हे सगळं थोतांड वाटायचं.

गेल्या आठवड्यात मामाचा घसा पूर्ण बसला, म्हणून भेटायला गेलो होतो. बोलता बोलता पंख्याचा आवाज थांबला. रस्त्यावरचे हॉर्न थांबले...

मी दाराची कडी काढली. दार हलेना. मामाचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

माझ्या अगदी शेजारी कुणीतरी श्वास घेतला...

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मामीने मामाचा अडलेला शब्द दिला. ओले हात पुसत ती बाहेर आली आणि शेवटापर्यंत न चुकता सांगत राहिली. मग दार उघडलं.

मामी जिन्यापर्यंत सोडायला आली.

"तूही पाठ करून ठेव," ती हळूच म्हणाली. "आमचा काय भरवसा?"

माझं निम्मं पाठ झालंय.