गोळीवरचा चहा

"तोंड उघड."

सुकन्यानं तोंड उघडलं. लंकाबाईंनी तिची हनुवटी धरून मान दाराच्या उजेडाकडे वळवली, जीभ वर करायला लावली, दोन्ही गालांच्या आत डोकावून पाहिलं, आणि खात्री पटल्यावर एक शब्दही न बोलता आल्याच्या चहाची कपबशी तिच्या पुढ्यात सरकवली. मग त्या पाठ फिरवून चुलीपाशी जाऊन बसल्या, रोजच्यासारख्याच… जणू घरात दुसरं माणूसच नाही.

सोनईच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या वस्तीवर सध्या या दोघीच होत्या. सुकन्याचा नवरा अजिनाथ ऊसतोडणीच्या मशीनवर ऑपरेटर होता. दिवाळी झाली की तो कर्नाटकात जाई तो कारखान्याचा पट्टा पडल्यावर, हंगाम संपल्यावरच परते. दोन दिवसांआड त्याचा फोन यायचा, मागं मशीनची घरघर असायची, आणि "जेवलीस का, गोळी घेतलीस का" एवढं विचारून होईतो कुणीतरी त्याला हाक मारायचं. शेजारची वस्ती दोन वावरं ओलांडून. दिवसभरात सुकन्याशी बोलणारं एकच वाक्य होतं, आणि ते होतं 'तोंड उघड'.

लग्नात असं नव्हतं. सुकन्याची आई ती बारावीत असतानाच गेली होती. पाठवणीच्या वेळी ती पारनेरच्या घराचा उंबरा सोडेना, तेव्हा याच लंकाबाईंनी तिचा हात हातात घेऊन चारचौघांत म्हटलं होतं, "हिला आई न्हाई म्हनून रडू नका कुनी. हिचं पयलं बाळंतपन माझ्या घरी." पहिलं बाळंतपण माहेरचं असतं, सासूनं ते आपणहून मागून घेतलेलं त्या मांडवात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्याच्या आधारावर सुकन्या या परक्या घरात रुजली होती.

पाचव्या महिन्यात उपकेंद्रातल्या सिस्टरनं बोटाला सुई टोचली आणि रक्त आठ पॉइंट चार भरलं. सिस्टरनं लाल गोळ्यांची पाकिटं हातात दिली. "रोज एक, जेवणानंतर. मळमळेल थोडं, पण सोडायची नाही."

मळमळ थोडी नव्हती. गोळी घशाखाली उतरली की जिभेवर गंजक्या खिळ्याची चव पसरायची आणि ती संध्याकाळपर्यंत हटायची नाही. छातीत जळजळ व्हायची. तीन-तीन दिवस पोट साफ व्हायचं नाही आणि झालं की डांबरासारखं काळंकुट्ट. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मुलगी ती. शांतपणे मोबाईलवर वाचलं, शोषून न घेतलेलं लोह असं बाहेर पडतं हे समजून घेतलं, आणि कॉलेजच्या जुन्या प्रॅक्टिकल वहीच्या मागच्या पानांवर रकाने आखले. तारीख, गोळीची वेळ, काय खाल्लं, उलटी झाली की नाही. दोन भाकरींऐवजी दीड, मग गोळी, मग डाव्या कुशीवर पडणं; भरपूर पाणी, पालेभाजी. एकही दिवस तिनं चुकवला नाही. उलटी दाबून धरताना डोळ्यांत पाणी यायचं, पण पोटावर हात ठेवून ती म्हणायची, 'तुझ्यासाठी रे… तुझ्यासाठी.'

गोळीनंतर लंकाबाई चहा द्यायच्या. दाट, भरपूर दुधाचा, आलं ठेचून. त्या चहानं गंजाची चव जरा बसायची. तेव्हा लंकाबाई बोलायच्याही, गाईचं, घासाचं, अजिनाथच्या लहानपणीच्या खोड्यांचं. ती दहा मिनिटं म्हणजे सुकन्याचा अख्खा दिवस होता.

सहा आठवड्यांनी सिस्टरनं पुन्हा सुई टोचली. आठ पॉइंट दोन.

"गोळ्या खातेस की फेकतेस?" सिस्टरनं वर न बघताच विचारलं.

"खाते."

"सगळ्या असंच म्हणतात."

सुकन्यानं शेजारी बसलेल्या लंकाबाईंकडे पाहिलं. त्या तिच्या बाजूनं एक शब्द बोलतील असं तिला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा राखेसारखा पडला होता. वाटेत त्या बोलल्या नाहीत. घरीही नाहीत. दुसऱ्या दिवशी गोळीच्या वेळेला त्या समोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "तोंड उघड."

अजिनाथची बहीण दिपाली आठ वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, एवढंच सुकन्याला ठाऊक होतं. घरात तिचा एकही फोटो नव्हता. एकदा विचारलं तेव्हा अजिनाथनं मशीनचं निमित्त करून फोन ठेवला होता.

सातव्या महिन्यात रक्त आठच भरलं. सिस्टर म्हणाली, आता शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध घ्यावं लागेल, हयगय नको. त्या रात्री सुकन्याची पेटी कुणीतरी उघडून पाहिल्यासारखी वाटली. साड्यांच्या घड्या उलट्या लागल्या होत्या, कुणी लपवलेल्या गोळ्या शोधाव्यात तशा. आणि सकाळी तिच्या देखतच लंकाबाईंनी पारनेरला तिच्या भावाला, सहादेवला, फोन लावला.

"रविवारी ये बाबा आन घिऊन जा हिला. माझ्यानं न्हाई व्हायचं."

सुकन्या परातीतलं पीठ तसंच टाकून उठली. "आत्या, मी काय केलं?"

"काय केलं ते तुला ठावं."

"मी रोज तुमच्यासमोर खाते."

"समोर खाती. मागारी काय करती?" लंकाबाईंनी फोन कमरेला खोचला. "मला दुसऱ्यांदा न्हाई बघायचं. जा तू."

तिनं वहीतले रकाने दाखवले. लंकाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पानं हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि चुलीशेजारच्या कट्ट्यावर ठेवून दिली. त्या घरात आपलं खरं कुणाला ऐकूच जात नाही, सत्तर ओळींचं खरं… असं वाटून सुकन्या त्या दिवशी गोठ्यात गाईच्या अंगाला टेकून कितीतरी वेळ उभी राहिली. निदान गाय तरी तोंड उघडून दाखव म्हणत नव्हती.

रविवार उजाडला. पिशवी भरून दाराशी ठेवली होती. भाकरी झाली, चहा झाला, आणि सवयीनं दोघी शेवटच्या गोळीला समोरासमोर बसल्या. सुकन्याचं लक्ष दाराशी ठेवलेल्या पिशवीकडेच होतं. गोळी जिभेवर ठेवली, तिचा लाल थर विरघळला, पण ती खाली उतरेना. घोटभर चहा घेऊन ढकलायला गेली तर जोराचा उमासा आला आणि चहासकट गोळी बशीत पडली.

"सापडली," लंकाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "अशीच थुकत असायची तीबी. माझ्या गळ्यावर हात ठिवून म्हनायची, आई, मी खाते गं… आन रगत वाढंना. नर्सबाई म्हनली पोरगी गोळ्या टाकून देती. म्या तिच्या तोंडात मारली. नवव्या म्हैन्यातल्या पोरीच्या तोंडात मारली म्या. तवापासून ती बोलली न्हाई माझ्यासंगं. सहाव्या दिशी गेली. रगत लागलं ते थांबंना. वाटंतच… गाडीत. खोटी पोरगी, आईला खोटं बोलून गेली."

सुकन्या ऐकत होती, पण तिची नजर बशीत खिळली होती. गोळीभोवतीचा चहा बदलत होता. आधी मातकट, मग राखाडी, मग कडेकडेनं जांभळट काळा. हा रंग तिनं कुठंतरी पाहिला होता… दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत, परीक्षानळीत. हिरड्याचा काढा आणि त्यात लोहाचा क्षार. टॅनिन, म्हणजे हिरड्यातला आणि चहातलाही तुरट अंश, ओळखायची परीक्षा. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना धरून ठेवतात, सोडत नाहीत, आणि त्याची शाई होते.

चहा. वहीत भाकरीचा रकाना होता, भाजीचा होता, पाण्याचाही होता. चहाचा नव्हता. चहाला या घरात कुणी खाणंपिणं समजतच नव्हतं. आणि तिच्यासाठी तर तो चहा नव्हताच, ती दहा मिनिटांची माया होती.

"आत्या, तुमचा चहा द्या."

"आता काय?"

"द्या तर."

ती स्वतःच उठली. पाकिटातली दुसरी गोळी काढली, पाण्याखाली धरून तिचा लाल थर घालवला, वरवंट्यानं चुरली. चुलीमागं लंकाबाईंचा काचेचा ग्लास ताटलीनं झाकून ठेवलेला असायचा. ताटली उचलली आणि तिचा हात थांबला.

ग्लासात कोरा चहा होता. दुधाचा एक थेंब नाही.

"ह्यात दूध?"

"मला न्हाई लागत."

"लागायचं की. मी आले तेव्हा तुम्ही दुधाचाच प्यायचात."

लंकाबाईंनी तोंड फिरवलं. "गाय आटलीया. पावशेरभर निघतं सकाळचं. पोटुशीला द्यायचं का म्हातारीनं प्यायचं?"

महिनाभर. महिनाभर ही बाई पाठ फिरवून बसत होती, आणि सुकन्याला वाटत होतं, ती आपलं तोंड बघायला नको म्हणून पाठ फिरवते…

तिनं चुरा ग्लासात टाकला आणि चमच्यानं हलवला. दोघी बघत राहिल्या. लालसर पाणी आधी गढूळलं, आणि बघता बघता काचेपलीकडचं काही दिसेनासं झालं. निखळ काळी शाई.

"गोळीतलं लोखंड चहा असं धरून ठेवतो," सुकन्या हळूच म्हणाली. "रक्तात जाऊच देत नाही फारसं. मी खात होते, आत्या. तुम्ही देत होता. दोघींचंही खरं होतं."

लंकाबाई ग्लासाकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दिपालीला चव सोसायची न्हाई. तिलाबी मीच द्यायचे. वर लगीच. आल्याचा."

सुकन्याला पुढचा प्रश्न कळला होता, आणि तो येऊ नये असं तिला फार वाटलं.

"ती खात हुती का गं?"

पुराव्याशिवाय बोलायचं नाही, ही तिची शिस्त. असावी, म्हणणार होती. पण समोरच्या डोळ्यांत 'असावी'ला जागा नव्हती. "तिला काही त्रास व्हायचा का? पोटाचा? काळं…"

लंकाबाई दचकल्या. "व्हायचं. लई भ्यायली हुती. आई, डांबरावानी व्हतंय गं, म्हनायची. म्या म्हनलं, नाटकं करू नगं."

"गोळी पोटात गेल्याशिवाय तसं होत नाही, आत्या." सुकन्या म्हणाली. "ती खात होती."

आठ वर्षं कोरडा राहिलेला हुंदका त्या म्हातारीच्या छातीतून फुटला. त्यांनी भिंतीवर डोकं टेकलं. "म्हंजी म्याच… माझ्याच हातानं…"

"नाही." सुकन्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. "चहानं माणूस जात नाही. रक्त सुरू झालं तेव्हा ते थांबवणारं कुणी जवळ नव्हतं, गाडीत होती ती. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, चहाचं. मला शिकूनही कळलं नाही."

खरं तर 'काहीच फरक पडला नसता' असं म्हणणं सोपं होतं. ते ती म्हणाली नाही. लंकाबाईंनीही पुन्हा विचारलं नाही. तेवढं त्या दोघींमध्ये तसंच राहिलं, आणि पुढंही राहणार होतं.

दुपारी सहादेव मोटारसायकल घेऊन आला. दाराशी भरलेली पिशवी बघून म्हणाला, "निघायचं का, ताई? मावशी, येऊ?"

"कुठं निघायचं?" लंकाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बस. जेवून जा. आन जाताना ती पिशवी आत ठिव, लई मधी येती."

दुसऱ्याच दिवशी लंकाबाई तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. शिरेतून औषधाच्या बाटल्या सुरू झाल्या. त्या संपल्यावर डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू करायला सांगितली. आता ती दुपारी, लोह अंगी लागावं म्हणून, लिंबाच्या पाण्याबरोबर असायची, आणि पुढं-मागं दोन तास घरात चहाची भांडी चुलीवर चढायची नाहीत. मळमळ गेली नाही. खिळ्याची चवही गेली नाही. फक्त ती सोसताना समोर कुणीतरी बसलेलं असायचं.

नवव्या महिन्यात उपकेंद्रात रक्त दहा पॉइंट एक भरलं. सिस्टर कार्डावर आकडा लिहीत असताना लंकाबाई खुर्चीवरून उठल्या.

"बाई, एक लिवायचं राहिलं. आठ वर्सांमागचं."

"काय, आजी?"

"माझी लेक. दिपाली. ती गोळ्या खात हुती. तवाच्या वहीत कुनी उलटं लिवलं असल, तर ते खोडा."

सिस्टर गोंधळली. "आठ वर्षांपूर्वीची वही इथं नाही, आजी. तेव्हाच्या सिस्टरही नाहीत."

लंकाबाई तशाच उभ्या राहिल्या, हात टेबलाच्या कडेवर, जायचं कुठं हे न कळणाऱ्या माणसासारख्या. तेव्हा सुकन्यानं सिस्टरच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्याच कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेत ठसठशीत अक्षरांत लिहिलं: दिपाली रोज गोळी घेत होती. खाली तारीख घातली.

घरी येईपर्यंत लंकाबाईंनी ते कार्ड पदराखाली धरलं होतं. ओसरीवर बसून त्यांनी ते सुकन्याकडून दोनदा वाचून घेतलं, आणि त्या ओळीवरून बोट फिरवत विचारलं, "ह्यात तिचं नाव कुठलं?"

सुकन्यानं दाखवलं. लंकाबाईंचं बोट तिथंच थांबलं.

मग त्या उठल्या, आत जाऊन लाल गोळी आणि लिंबाचं पाणी घेऊन आल्या. सुकन्यानं गोळी गिळली, डोळे मिटून खिळ्याची चव उतरू दिली.

"तोंड उघड."

जुन्या सवयीनं तिनं मान उजेडाकडे वळवली आणि तोंड उघडलं. लंकाबाईंनी आत पाहिलं नाही. पदराच्या टोकातली पेरूची फोड काढून तिच्या जिभेवर ठेवली.