सहावा दाखला

शेंदरगडाच्या पूर्वकड्यावर उन्हाची पहिली तिरीप उतरली तेव्हा नगारखान्यात चौघडा झडत होता, महादरवाजाच्या कमानीवर झेंडूची तोरणे चढत होती, आणि पायथ्यापासून वर येणारी सारी वाट गावकऱ्यांकडून वेठीने झाडून घेऊन तिच्यावर पाणी शिंपडले जात होते; कारण त्या दिवशी राजधानीहून हुजुरांचे तपासनीस अंताजीपंत गडाच्या पाहणीला येणार होते. झाडली नव्हती ती फक्त उत्तर बुरुजाखालच्या कोठडीकडे जाणारी पायवाट. तिथे चुन्याचा वास येई, आणि चुन्याने न लपणारा दुसराही एक वास येई.

त्या पायवाटेच्या तोंडाशी विसाजी वैद्य उभे होते. तीस वर्षे ते गडाचे वैद्य होते. शिपायांच्या जखमा शिवाव्यात, विंचू उतरवावा, बाळंतिणीला काढा द्यावा, आणि गडावर कोणी मेले तर मरणाचे कारण लिहून दाखल्यावर सही करावी, हे त्यांचे काम. त्या दाखल्यावर गडाचे सबनीस चिंतो महादेव सरकारी शिक्का उठवीत, आणि मगच प्रेत घरच्यांच्या हवाली होई.

दोन वर्षांपूर्वी किल्लेदार नागोजीराव हांडे यांनी हुजुरांना न कळवता स्वतःसाठी बालेकिल्ल्यावर रंगमहाल बांधायला काढला. त्यासाठी खालच्या वाड्यांतली माणसे धरून आणली जाऊ लागली. 'येत नाही' असे जो म्हणाला तो कोठडीत गेला. पहिला माणूस तिथे मेला तेव्हा नागोजीरावांनी वैद्यांना बोलावून शांतपणे सांगितले, "ज्वर लिहा." विसाजींनी प्रेताच्या पाठीकडे पाहिले, किल्लेदारांच्या तोंडाकडे पाहिले, आणि ज्वर लिहिला. दुसऱ्यालाही ज्वर लिहिला. तिसऱ्याला सर्पदंश, चौथ्याला अतिसार, पाचव्याला पुन्हा ज्वर. दर वेळी घरी येऊन ते राखेने हात घासत आणि पानावर बसत. घास घशाखाली उतरत असे, आणि याचीच त्यांना पुढे सर्वांत जास्त किळस आली.

सहावा होता निंबवाडीचा भिवा कुंभार. पेटलेली भट्टी सोडून येणार नाही, एवढेच तो म्हणाला होता. त्याच्या तळपायांना डागण्या दिल्या होत्या, आणि तोंडात कोंबलेला चिंध्यांचा बोळा काढायचीही कोणी तसदी घेतली नव्हती. महादरवाजाशी विसाजी दाखला लिहायला बसले, तेव्हा भिवाची बायको साळू समोर उभी होती. ती रडत नव्हती.

"वैद्यबुवा, तुमी त्यास्नी उघडं करून बघितलंत," ती म्हणाली. "आता कागदावर काय लिवताय?"

विसाजींच्याने एक अक्षर लिहवले नाही. दाखला कोराच राहिला, आणि शिक्क्यावाचूनच प्रेत साळूच्या हवाली झाले. त्याच दिवशी त्यांनी हुजुरांच्या नावे सविस्तर पत्र लिहिले आणि एका विश्वासू जासुदाहाती राजधानीला धाडले.

त्यानंतर एकविसाव्या दिवशी, म्हणजे पाहणीच्याच दिवशी सकाळी, किल्लेदारांनी त्यांना सदरेवर बोलावले. नागोजीराव सीताफळ खात होते. बिया ते समोरच्या कागदावर थुंकत होते, आणि तो कागद ओळखायला विसाजींना दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही.

"अक्षर मात्र मोत्यासारखं हो तुमचं, वैद्यबुवा! समासातला शेराही वाचा."

राजधानीच्या कचेरीतल्या कोणा कारकुनाने तिथे लिहिले होते: 'सदर तक्रारीची चौकशी शेंदरगडच्या किल्लेदारांनी करावी व खुलासा पाठवावा.'

"त्याप्रमाणे आम्ही चौकशी केली," बोटे चाटीत नागोजीराव म्हणाले. "वैद्य वृद्ध झाले, बुद्धीला भ्रम झाला, असा खुलासा तयार आहे. तपासनीस आज यायचे आहेत, त्यांच्यासमक्ष तुम्ही त्याखाली सही करा. पंत आमच्या व्याह्यांचे साडू लागतात, त्यांनाही अवघड जायला नको. नाहीतर कोठडीत जागा आहे, आणि तुमचा दाखला लिहायला दुसरा वैद्य मिळेल."

विसाजी परत फिरले. त्यांना मरणाची भीती वाटत होती, हे खोटे कशाला सांगावे? पण त्या लाळेने बरबटलेल्या कागदाची शिसारी भीतीपेक्षा मोठी होती.

दोन प्रहर होण्याच्या सुमारास अंताजीपंतांची पालखी गडावर आली. त्यांनी निशाण पाहिले, तोफांवर हात फिरवला, आणि उत्तर बुरुजाशी येताच शेला नाकाला लावला.

"इथे काय असते?"

"चुन्याचे कोठार, पंत," नागोजीराव म्हणाले.

"बरे, बरे," म्हणत पंत मागे वळले आणि थेट पंक्तीला गेले. जिलबीची दोन पाने झाली, तूप कोपरापर्यंत ओघळले, आणि हात न धुताच त्यांनी आपल्या कारकुनाला सांगितले, "लिहा, गडाची व्यवस्था चोख."

उतरत्या उन्हात सदर भरली. शिबंदीचे दोनशे लोक अंगणात उभे होते. किल्लेदारांच्याच लोडाला टेकून, किल्लेदारांच्याच सेवकाकडून वारा घेत अंताजीपंतांनी रिवाजाप्रमाणे पुकारले, "कोणाची काही तक्रार असल्यास निर्भयपणे सांगावी!" शेजारी बसलेले नागोजीराव एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. कोणी पुढे आले नाही. मग खुलाशाचा कागद विसाजींपुढे सरकवण्यात आला.

विसाजींनी लेखणी उचलली, आणि पुन्हा खाली ठेवली.

"पंत, माझी काही तक्रार नाही."

नागोजीरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"माझा गुन्हा आहे," विसाजी उठून उभे राहत म्हणाले, आणि त्यांचा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला. "या गडावर मी पाच दाखले खोटे लिहिले. पाची माणसे उत्तरेच्या कोठडीत मारून मारून ठार केली गेली, आणि मी ज्वर लिहिला, अतिसार लिहिला, त्या चार हातांच्या कोठडीत साप सोडला! सहावा दाखला कोरा आहे. तो आज सर्वांसमक्ष तोंडाने सांगतो. भिवा कुंभार, राहणार निंबवाडी, डागण्या देऊन मारला."

अंताजीपंत लोड सोडून सरळ बसले. "ही... ही तक्रारच झाली. हिची चौकशी किल्लेदारांनी—"

"तक्रार किल्लेदारांकडे जाते, पंत, ते मी पाहिले. गुन्हेगार जात नाही. सरकारी शिक्क्याखाली जो खोटे लिहील त्याचा निवाडा हुजूर न्यायाधीशांखेरीज कोणी करू नये, असा कायदा आहे. मी हुजुरांचा गुन्हेगार आहे. मला बांधा आणि राजधानीस न्या!"

"कोण म्हणतो असा कायदा आहे?" नागोजीराव गरजले.

साऱ्या नजरा सबनीस चिंतो महादेवांकडे वळल्या. हा गृहस्थ इतका भित्रा की किल्लेदारांची पादत्राणे दिसली तरी वाकत असे. एकदा त्यांनी किल्लेदारांकडे पाहिले, एकदा विसाजींकडे, आणि मग कमरेचा शिक्का सोडून पंतांच्या पायांशी ठेवला.

"कायदा आहे," ते पुटपुटले. "शिक्का हवाली करताना मला वाचून दाखवला होता. आणि ते पाच शिक्के... मीच उठवले. मलाही बांधावे."

"उचला या दोघांना! टाका कोठडीत!" नागोजीराव ओरडले.

कोणी हलले नाही. पुढच्या रांगेतला पांढऱ्या मिशांचा नाईक जिवाजी मोहिते हात जोडून म्हणाला, "सरकार, हे आता हुजूरचे कैदी झाले. आम्ही हात कसा लावावा?" नागोजीराव तलवारीच्या मुठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले, पण दोनशे माणसे एकटक त्यांच्याकडेच पाहत होती. मूठ सोडून ते मटकन खाली बसले. अंताजीपंतांना पळवाटच उरली नाही. दिवस मावळण्यापूर्वी, दोन कैद्यांसह, ते गड उतरले.

राजधानीत न्यायाधीश नारो शामजी यांनी दोघांची जबानी ऐकली आणि कोणालाही न कळवता ते स्वतः शेंदरगडावर गेले. सोबत स्वतःचा शिधा होता, पाण्याची घागरही स्वतःची. कोठडीचे कुलूप त्यांनी आपल्यासमोर फोडवले. आत दोन माणसे जिवंत सापडली. एकाच्या पायाच्या जखमेत किडे वळवळत होते आणि तो ते शांतपणे वेचीत बसला होता. चुना उकरला तेव्हा जे हाती लागले त्याला दाखलाच नव्हता; ते सातवे प्रेत होते. न्यायाधीश बुरुजामागे जाऊन भडभडून ओकले. मग चूळ भरून ते जबान्या घ्यायला बसले, ते नऊ दिवस उठले नाहीत.

नागोजीरावांच्या पायांत बेड्या पडल्या, आणि त्या पुन्हा निघाल्या नाहीत. तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्याकडे ती कदापि पाठवू नये, आणि तपासनीसाने गडावरच्या अन्नाला स्पर्श करू नये, असा हुकूम नारो शामजींनी मिळवला. मात्र ते हयात होते तोवरच तो पाळला गेला. शेरा मारणारा कारकून कोण, ते कचेरीत कोणालाच आठवेना. आणि अंताजीपंत? दोन गुन्हेगार हजर केल्याबद्दल त्यांना मानाची वस्त्रे मिळाली, आणि पुढच्या वर्षी आणखी तीन गड त्यांच्या पाहणीखाली आले.

विसाजी आणि चिंतो महादेव यांना एकेक वर्षाची कैद झाली. विसाजींनी दयेचा अर्ज केला नाही. सुटल्यावर ते घरी न जाता निंबवाडीला गेले आणि साळूच्या अंगणात हात जोडून उभे राहिले. साळू मडकी थापीत होती. तिने मान वर केली, त्यांना पाहिले, आणि पुन्हा मडके थापू लागली. ऊन पायांवरून सरकून भिंतीवर चढले. विसाजी हलले नाहीत.

"सासूबाईंचा पाय सुजलाय," अखेर ती म्हणाली. "दुसरा वैद्य हितं येत न्हाई. बघा. पर माझ्याशी बोलू नगा."

विसाजी आत गेले. म्हातारीचा पाय त्यांनी मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला, आणि सहाण मागायलाही तोंड न उघडता कोपऱ्यातला दगड ओढून त्यावर लेप उगाळायला बसले.