चावी काढली तरी

ही गोष्ट खोटी निघाली असती, तर मला फार बरं वाटलं असतं.

पण दिलशादभाभी औशात आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्या मुखेडला गेल्या तेव्हा माझी आई त्यांच्यासोबत होती. दोघींनी पाहिलं तेच सांगतो. आणि घाबरायला रात्रच लागते असं कुणी सांगितलं? हे सगळं भर दुपारी झालं.

२०१६ साल. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच. टपरीवर लातूर तोडून नवा जिल्हा होणार म्हणून गप्पा रंगायच्या, आणि घरी घागर कोरडी.

भाभींचे मालक नासिरभाई जुन्या जीपला पाण्याची टाकी जोडून गावोगाव ओढायचे. चढावर जीपला धाप लागायची. म्हणून त्यांनी तिला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. कंपनीच्या साध्या इंजिनाला हे सोसणार नाही, असं जो तो म्हणाला. नासिरभाईंनी घाई केली नाही. तेलाची वेगळी नळी, हवा थंड करायची जाळी, दाब दाखवणारं मीटर, सगळं सावकाश जोडलं. दाबही मुद्दाम कमीच ठेवला.

"इंजनला झेपंल तेवढीच हवा द्याची, मावशी," ते माझ्या आईला सांगायचे. "लालच केली की फुटतंय."

बायकोपेक्षा गाडीचेच लाड जास्त, असं आई त्यांना चिडवायची.

त्यांचा अजून एक नेम होता. घरी आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही. टर्बो तापून लाल झालेला असतो, एकदम बंद केला तर आतलं तेल जळतं. म्हणून ते दारात गाडी चालू ठेवून थोडा वेळ बसून राहायचे. भाभींना आवाजावरून सगळं कळायचं. आधी गल्लीच्या तोंडाशी टर्बोची शिट्टी. मग दारात संथ घरघर. मग शांतता. शांत झालं की त्या ताट वाढायच्या.

जानेवारीतली ती दुपार.

शिट्टी आली. घरघर सुरू झाली.

आणि थांबलीच नाही...

आज टाकी काठोकाठ भरली असेल, गाडी जास्त तापली असेल, असं भाभींना वाटलं. त्या आपल्या भाकरी थापत राहिल्या. इंजिन चालू आहे म्हणजे माणूस बसलेला आहे. त्यात काळजी कसली?

शेवटी त्या बाहेर गेल्या, तेव्हा नासिरभाई स्टिअरिंगवर डोकं टेकून होते. जीप तापलेली होती. त्यांचं अंग गार पडत चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, "हार्ट अटॅक. एका क्षणात गेले. त्यांना कळलंसुद्धा नसेल."

भाभी त्या एका वाक्यावर जगल्या. जो भेटायला येईल त्याला विचारायच्या, "तकलीफ झाली नसंल ना त्यायला?" आणि मग स्वतःच डॉक्टरांचं वाक्य सांगायच्या. 

त्या इद्दतीत होत्या. नवरा गेलेल्या बाईनं ते चार महिने दहा दिवस घरातच काढायचे. त्या दिवसांतच दीर वाजिदनं जीप मुखेडच्या केरबाला विकली. भाभींना निरोपाला दारातही येता आलं नाही.

मग एके दिवशी केरबाचा फोन आला.

"भाभी, रागावू नका. पर गाडीत कायतरी हाय."

"काय झालं?"

"दुपारची दारात उभी केली की चावी काढली तरी बंद होत न्हाई. मिस्त्री म्हनला, टर्बो फुटला की इंजन सोताचंच तेल पिऊन पळतंय. पर तसं झालं तर लई बोंबलतंय ते, धूर सोडतंय. हिला धूर न्हाई. गुमान चालू ऱ्हाती..."

"किती येळ?"



"लई येळ. कुनाची तरी वाट बघून राहिल्यावानी."

इद्दत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी बुरखा चढवला, माझ्या आईला सोबत घेतलं आणि लातूरला एसटी बदलून मुखेड गाठलं.

मे महिन्याचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

केरबानं जीप आणून दारात उभी केली. खाली उतरून दार लावलं. चावी भाभींच्या हातात दिली.

घरघर चालूच होती...

धूर नाही. आत कोणी नाही. आई म्हणते, बिघडलेल्या इंजिनाचा आवाज नव्हताच तो. नासिरभाई आमच्या गल्लीत बसून राहायचे, तेव्हाचा होता.

भाभी जवळ गेल्या. आणि जागच्या जागी थांबल्या.

घरघरीखाली आणखी एक आवाज होता...

खट्.

थोड्या वेळानं पुन्हा... खट्.

काचेतून ड्रायव्हरच्या दाराचं आतलं हँडल दिसत होतं. ते अर्धवट उचललं जायचं आणि परत पडायचं. दार सुटेल एवढा जोर त्यात नव्हता. कुणीतरी आतून उघडायचा प्रयत्न करत होतं, आणि हातात त्राण नव्हतं.

 केरबा मागच्या मागे घरात पळाला.

भाभी मात्र धावल्या. "आले, आले ओ!" म्हणत त्यांनी बाहेरून दार ओढलं.

दार उघडलं. इंजिन बंद पडलं.

सीटवर कोणी नव्हतं.

त्यानंतर ती जीप पुन्हा तशी चालू राहिली नाही. केरबा अजून वापरतो. लोक म्हणतात, बरं झालं, नासिर सुटला. मला तसं म्हणवत नाही.

कारण भाभी आता कुणालाच काही विचारत नाहीत. मागे मी उगाच धीर द्यायला गेलो. म्हटलं, भाभी, त्यांना कळलंसुद्धा नसेल, डॉक्टर म्हणाले होते ना...

भाभी म्हणाल्या,

"त्ये मला बोलवून राहिले होते, बाबा. मी घरातच होते."

 गल्लीत एखादी गाडी कुणाच्या दारात जरा जास्त वेळ चालू राहिली, की मी हातातलं टाकून बाहेर जातो. आत बसलेला माणूस माझ्याकडे बघेपर्यंत तिथंच उभा राहतो.