सतरा नंबरची पाती

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या शेतात हे घडलं आहे आणि शेवटचा भाग तर मी स्वतः अनुभवला आहे. कुणाला थापा वाटल्या तर वाटू देत, पटवून द्यायची मला हौस नाही.

आणखी एक. यात रात्र नाही, अमावस्या नाही, पिंपळही नाही. जे झालं ते भर दुपारी, चैत्राच्या उन्हात झालं.

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार. ठिकाण तिसगावपासून चार किलोमीटरवरची वस्ती.

माझ्या मावसभावाचं नाव गहिनीनाथ. तो एकोणीस वर्षं डोंगरावरच्या पवनचक्क्यांवर कामाला होता. खांबाच्या आत लोखंडी शिडी असते. तिच्यावरून सत्तर मीटर चढायचं, ग्रीस भरायचं, बोल्ट आवळायचे आणि उतरायचं. पस्तिशीतच त्याचे गुडघे गेले. मग तो कुठंही डुलक्या काढायचा. लग्नात, मयतीत, एसटीत. आम्ही त्याला चिडवायचो, पण तो खरोखरच दमलेला होता.

त्याच्या जोडीला दोघं. राहुरीचा कानिफनाथ आणि राजूरचे आबासाहेब, वयानं थोरले. तिघांकडं सतरा नंबरची चक्की होती.

या तिघांची एक सवय होती. वर चढायच्या आधी चक्की थांबवावी लागते. बटण दाबायच्या आधी गहिनीनाथ खांबावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "थांब बाई, आमी आलो." काम उरकून खाली आलं की पुन्हा हात ठेवायचा. "चल आता."

बैलाशी बोलावं तसं. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. पण एकोणीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

मग चक्क्या जुन्या झाल्या. काढून टाकायचं ठरलं.

सतरा नंबरचं शेवटचं ग्रीस या तिघांनीच भरलं. संध्याकाळी खाली आले, गहिनीनाथनं हात ठेवला आणि "चल आता" म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरगावची माणसं क्रेन घेऊन आली. कुठल्यातरी शहरातल्या कॉम्प्युटरवरून चक्की बंद झाली. दुपारपर्यंत तीनही पाती जमिनीवर. या तिघांना कुणी कळवलंसुद्धा नाही.

लोखंड भंगारवाल्यानं नेलं. तांब्याची तार गेली. पाती मात्र कुणी घेईना. ती जळत नाहीत, वितळत नाहीत, कुजत नाहीत. कापायला गेलं की काचेसारखी बारीक धूळ उडते आणि आठ-आठ दिवस अंग खाजतं. ठेकेदार कंटाळला. म्हणाला, कुणाला पाहिजे त्यानं घ्या, पोचवायचं मी बघतो.

तिघांनी एकेक घेतलं. काही उपयोग होईल म्हणून, आणि थोडं आठवण म्हणूनही.

तीस मीटरचं पातं ट्रेलरवरून राजूरपर्यंत कसं गेलं तो किस्सा वेगळाच आहे. आबासाहेबांनी ते ओढ्यावर आडवं टाकलं, साकव केला. पावसाळ्यात शाळेची पोरं त्यावरून जायला लागली. कानिफनाथनं खांब उभे करून त्याचं गोठ्याला आढं केलं, वरून पत्रे टाकले. गहिनीनाथनं आपलं पातं बांधाच्या कडेनं आडवं ठेवलं. त्याचा जाड बुडखा आतून पोकळ असतो, वाकून उभं राहता येईल एवढा. त्याला एक दार कापलं, वरून ओली पोती टाकली. उन्हात विसाव्याला झकास खोली झाली. खोलीच्या मागं ती पोकळी अंधारात निमुळती होत पार टोकापर्यंत गेलेली होती. टोक बंद. तिथं साप-विंचू नको म्हणून त्यानं पोत्याचा पडदा खिळला.

पेपरात फोटो आला. टाकाऊतून टिकाऊ, असं काहीतरी.

त्या खोलीत झोळी बांधली होती. कारण गहिनीनाथला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती. धनश्री, पाच महिन्यांची. त्याची बायको अश्विनी कांदा काढायला जायची तेव्हा धनश्री झोळीत झोपायची. दारातून अश्विनीला झोळी दिसायची.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो अश्विनीनं.

"अहो, त्या पात्यात काहीतरी फिरतंय."

"उंदीर असंल."

"उंदीर न्हाई. खडा घरंगळल्यावानी वाजतंय. पार टोकाला जातंय आन् तिथं आपटतंय."

गहिनीनाथ त्या खोलीतच कॉटवर आडवा होता. त्यानं कान दिला.

खर्रर्र... ठक.

त्याला हसू आलं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. पात्याच्या आत डिंकाचे वाळलेले खडे राहतात. चक्की फिरते तेव्हा पातं खाली आलं की खडे टोकाला जातात, वर गेलं की परत येतात. खाली उभं राहिलं की ऐकू यायचं. एकोणीस वर्षं ऐकलेला आवाज.

"खडं हायेत आतमधी," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

डोळे मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं...

पातं तर जमिनीवर पडलेलं आहे.

तरी तो उठला नाही. हे त्यानं मला स्वतः सांगितलं आणि सांगताना मान खाली घातली. "लई दमलो हुतो रे. रातभर पोरगी रडायची, दिवसभर कांदा. म्हणलं, वाजतंय तर वाजूंदे."

आठ दिवस वाजत होतं. वारा असला की काही नाही. वारा पडला, झाडाचं पान हलेनासं झालं की...

खर्रर्र... ठक.

आठ दिवस तो उठला नाही.

एकोणीस तारखेला दुपारी साडेबाराला तो पाणी प्यायला बांधावर आला. अश्विनी तीस पावलांवर बायकांबरोबर कांद्याची पात कापत बसली होती. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. वारा अजिबात नव्हता.

बाया बोलत होत्या. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. तरी गहिनीनाथला वाटलं, काहीतरी कमी आहे.

मग कळलं. खड्यांचा आवाज थांबला होता.

त्यानं दारातून आत वाकून पाहिलं.

पोत्याचा पडदा... आत ओढला गेला होता. अंधाराच्या बाजूला, ताणून धरल्यासारखा.

आणि झोळी सरळ लोंबत नव्हती.

ती तिरपी होती. पडद्याच्या दिशेनं.

हलत नव्हती, झोके घेत नव्हती. तिरपी, ताणलेली आणि स्थिर. झोळीचं तोंड पडद्याला टेकलं होतं आणि त्यातून धनश्रीचा डावा पाय बाहेर आला होता. गुडघ्यापर्यंत पडद्याच्या पलीकडं.

पोरगी गाढ झोपेत होती.

  गहिनीनाथनं दोन्ही हातांनी मुलीला धरलं आणि ओढलं.

ती येईना.

पाच महिन्यांचं लेकरू, सहा किलोचं. तो माणूस पन्नास किलोचं पोतं पाठीवर टाकतो. त्याला पाय रोवून ओढावं लागलं. थोडी यायची, मग परत तिकडं जायची. मग थोडी यायची. त्या ओढीला एक माप होतं आणि ते माप त्याच्या हातांनी ओळखलं. एक... दोन... तीन... चार. सतरा नंबरची एक फेरी चार सेकंदांची होती.

दर फेरीला एकदा ओढ जरा सैल पडत होती. तेवढ्यात त्यानं मुलीला उचललं आणि तो बाहेर पडला. मागं झोळी धाडकन सरळ झाली.

धनश्री जागी झाली आणि रडायला लागली. अश्विनी हातातला विळा टाकून धावत आली.

"काय झालं? काय केलं तिला?"

 तो पोरीच्या पायाकडं बघत राहिला.

धनश्रीच्या पायात बारशाला मामानं दिलेले चांदीचे वाळे होते, घुंगरांचे. उजव्या पायात वाळा होता.

डाव्या पायात नव्हता.

अश्विनीनं झोळी झाडली, पोती झाडली. गहिनीनाथनं बॅटरी घेऊन पडद्यामागं उजेड टाकला. आत काही नव्हतं. धूळ आणि अंधार.

मग त्यानं कानिफनाथला फोन लावला.

"कानिफ, तुझ्या गोठ्याच्या आढ्यात काय वाजतं का रं?"



"वाजतं," कानिफनाथ म्हणाला. "आठ दिवस झालं. म्हशी आत जात न्हाईत. मी कुणाला बोललो न्हाई, लोकं हसतील म्हणून. वारा पडला की वाजतं."

"आत्ता?"

"आत्ता चालू हाय."

गहिनीनाथनं आबासाहेबांनाही जोडून घेतलं. फोन स्पीकरवर टाकून पात्यावर ठेवला. राहुरीत कानिफनाथनं आढ्याला लावला. राजूरला आबासाहेब साकवावर जाऊन बसले. तिघंही गप्प राहिले.

मोबाईलवर आवाज मागंपुढं होतो हे मलाही कळतं. पण अश्विनी तिथं उभी होती आणि तिनंही तेच ऐकलं.

गहिनीनाथच्या पात्यात... खर्रर्र, ठक.

मग फोनमधून, राहुरीत... खर्रर्र, ठक.

मग राजूरला... खर्रर्र, ठक.

मग पुन्हा इथं.

तीन गावं, शंभर-दीडशे किलोमीटरचं अंतर. आणि चक्की फिरत होती.

"आबा," गहिनीनाथ म्हणाला, "तुमच्याकडं अजून काय ऐकू येतं?"

"थांब जरा." मग आबासाहेबांचा आवाज बदलला. "गहिनी, घुंगरू वाजतंय रे. बारक्या पोराच्या पायातलं असतं तसं."

पुढच्या ठकला ते घुंगरू गहिनीनाथच्या पात्यात वाजलं. त्याच्या पुढच्याला राहुरीत.

 पोरगी अश्विनीच्या छातीशी होती, तरी तिनं तिला चाचपून बघितलं. डोकं, हात, दोन्ही पाय. गहिनीनाथला त्या क्षणी एवढंच कळत होतं, की दोन मिनिटं उशीर झाला असता तर त्या तीन गावांमधून काय फिरलं असतं. आणि आठ दिवस आपण कुशीवर वळून झोपलो.

आबासाहेबच बोलले. हळू बोलले.

"गहिनी, शेवटच्या दिवशी तू तिला काय म्हणला हुतास?"

"चल म्हणलो हुतो."

"आन् थांब कोन म्हणलं?"

कुणीच म्हणालं नव्हतं.

गहिनीनाथनं पात्यावर तळहात ठेवला. ऊन एवढं असूनही पातं गार होतं. "कानिफ, आबा, तुमीबी हात ठेवा," तो म्हणाला. मग पात्याकडं वळला. "थांब बाई. लई फिरलीस. थांब आता."

राहुरीत कानिफनाथ तेच म्हणाला. राजूरला आबासाहेब म्हणाले.

खर्रर्र... ठक.

दोन आवाजांमधलं अंतर वाढायला लागलं. पाच सेकंद. आठ. बारा. ब्रेक लावल्यावर चक्की मंदावते तसं. शेवटचं घुंगरू कुणाच्या पात्यात वाजलं ते तिघांनाही सांगता येत नाही.

मग बारीक वारा सुटला.

त्या दिवसानंतर आवाज आला नाही. पाती अजून आहेत, कारण ती टाकायची कुठं हाच प्रश्न आहे. जाळता येत नाहीत, पुरली तर कुजत नाहीत. राजूरची पोरं अजून त्या साकवावरून शाळेत जातात. म्हशी गोठ्यात जायला लागल्या. गहिनीनाथनं त्या खोलीचं दार दगडमातीनं बुजवलं.

मागच्या चैत्रात, वर्ष झाल्यावर, अश्विनीला त्या बुजवलेल्या दाराशी वाळा सापडला. मातीवर, समोरच पडलेला.

गहिनीनाथ तो घेऊन तिसगावच्या सोनाराकडं गेला. म्हणाला, जोडी जमवून द्या. सोनारानं दोन्ही वाळे तळहातावर घेतले. उजवा नवाकोरा होता. डावा झिजून तारेएवढा बारीक झाला होता. एकही घुंगरू उरलं नव्हतं.

"ही जोडी न्हाई," सोनार म्हणाला. "ह्यो नवा हाय. आन् ह्यो वापरून झिजलाय, पन्नास-साठ वर्सं. कुन्या म्हातारीचा हाय?"

 गहिनीनाथ दोन्ही वाळे तिथंच मोडीत देऊन आला.

इथपर्यंतचं मला त्यानं सांगितलेलं. आता माझं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडं गेलो होतो. धनश्री आता घरभर धावते, बोबडं बोलते, छान आहे. फक्त दुपारी ती एकटी झोपत नाही. कुणीतरी डावा पाय धरून बसावं लागतं. अश्विनीला काम होतं, म्हणून मी बसलो.

बाहेर वारा पडला होता. पोरीचा डोळा लागला. मी तिचा पाय हलकेच धरून मोबाईल बघत होतो.

आणि पाय... ओढला गेला.

झोपेत मुलं हातपाय हलवतात, मला माहीत आहे. मी पुन्हा नीट धरला आणि मनात मोजायला लागलो.

एक... दोन... तीन... चार.

ओढ.

एक... दोन... तीन... चार.

ओढ. बांधाच्या दिशेनं.

मी दोन्ही हातांनी पाय धरला. तासभर, वारा सुटेपर्यंत, सोडला नाही. शेजारच्या कॉटवर गहिनीनाथ झोपला होता. तोंड उघडं, हात लोंबलेला, अगदी गाढ. अश्विनी म्हणाली, त्या दुपारनंतर असे कधी झोपले नव्हते.

त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.