निगेटिव्हकाकांची खिडकी

मध्येच कोणी 'वारा असेल' म्हणायचं नाही, या अटीवर सांगते. वारा काय करतो आणि काय करत नाही ते मला पक्कं ठाऊक आहे. माझी अर्धी नोकरी वाऱ्यासाठी भांडण्यात गेली आहे.

त्या दिवशी मी अगदी साध्या कामासाठी दवाखान्याच्या सुताराकडे गेले होते. "आमच्या हॉलमधल्या खिडकीची झडपं काढून टाक," म्हटलं.

"दुरुस्त करू?"

"दुरुस्त नको. काढून टाक. नुसती चौकट राहू दे."

माझीच बिजागरी सैल झाल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, थंडी सुरू झालीय. लोक शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्यांनी क्षय होत नाही."

आमच्या हॉलच्या एका टोकाला एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, दुसऱ्या टोकाला क्षयाच्या. मध्ये बाकं. म्हणजे ज्यांच्या अंगात जंतूंशी झगडायची ताकद उरलेली नाही, त्यांना आम्ही खोकणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसवतो. हे मी वरच्यांना सांगून सांगून थकले. ते दरवेळी "बघू" म्हणतात. अजून कोणी बघितलेलं नाही. हातात उरली ती एकच मोठी खिडकी. ती उघडी असली की हवा खेळते आणि खोकल्यातून उडालेलं जे काही असेल ते बाहेर जातं. आणि नेमके तिच्याच खालच्या बाकावर एक काका येऊन बसायचे.

काकांना दोन्ही दुखणी. अंगावर बदामी शाल, छातीला चोळलेल्या निलगिरीच्या तेलाचा वास. "झोत लागतो हो सिस्टर," म्हणत खट्टकन कडी लावून टाकायचे. मी उघडायची, ते लावायचे. वर म्हणायचे, "घाबरता कशाला? मी निगेटिव्ह आहे!" त्यावरून सगळे त्यांना निगेटिव्हकाकाच म्हणायला लागले.

या शब्दाने माझं डोकं फिरायचं. थुंकी काचेवर पसरून जंतू शोधतात. एचआयव्हीने शरीर पोखरलेल्या माणसाच्या थुंकीत ते पुष्कळदा कमी उतरतात, म्हणून दिसत नाहीत. निगेटिव्ह म्हणजे 'सापडला नाही'. 'नाहीच' असं नव्हे! पण हे काकांना कोण पटवून देणार? त्यांना तो शब्द म्हणजे पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा वाटायचा.

त्यात त्यांचं पोट कायम बिघडलेलं. गोळ्या गिळायचे, पण अंगी लागायच्या नाहीत. औषध अर्धवट पोचलं की दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मोठी तपासणी झाली तेव्हा कळलं की नेहमीच्या मुख्य गोळ्यांना त्यांचे जंतू दादच देत नाहीत. तोवर फार उशीर झाला होता.

काका गेले. मला वाईट वाटलं, माणूस भांडखोर असला तरी गोड होता. पण खरं सांगते, आता खिडकी उघडी राहील म्हणून सुटल्यासारखंही वाटलं.

कसली राहतेय!

मी उघडून टेबलाशी जाते न जाते तोच मागे कडी लागलेली. आधी मी पेशंटवर खेकसले, मग सफाईच्या मावशींवर. मावशी हळूच म्हणाल्या, "मी कशाला हात लावू? आणि सिस्टर... त्या बाकाखाली मी रोज पुसून घेते. तरी तेलाचा वास जात नाही."

मी झडप बँडेजने गजाला करकचून बांधली. दुपारी ते बँडेज सुटून, नीट गुंडाळून बाकावर ठेवलेलं होतं. मला भीती नाही वाटली, संताप आला. जिवंतपणी ऐकलं नाहीत, मेल्यावर तरी ऐका की हो! शेवटी वैतागून सुताराला गाठलं.

त्याने झडपं काढली आणि खांद्यावर टाकून नेली. हॉलमध्ये गार वारा भरला, पेशंट कुरकुरले, माझा जीव भांड्यात पडला. कारण दुसऱ्याच दिवशी माझी धाकटी बहीण तिथे यायची होती. तिला एचआयव्ही आहे. इतके दिवस ती दुसऱ्या गावच्या दवाखान्यातून गोळ्या घ्यायची, आता माझ्याकडे राहायला आली होती. तोवर मी तिला या हॉलची पायरीही चढू दिली नव्हती.

गर्दी ओसरल्यावर, दुपारी ये म्हटलं होतं, तशी ती आली. आभाळ भरून आलेलं, दिवे गेलेले, हॉल रिकामा. तिला बसवून मी गोळ्या आणायला आतल्या खोलीत गेले.

खट्ट.

तो कडीचा आवाज मी झोपेतही ओळखीन. आणि ती कडी तर सुताराच्या खोलीत पडली होती.

हवा थांबली. निलगिरीचा वास आला, आणि त्याच्या खालून जुन्या तापाचा आंबूस वास. बाहेर धाकटी कोणाशी तरी बोलत होती. मग खोकला ऐकू आला... लांबलचक, ओला, ओळखीचा.

मी धावत बाहेर आले. धाकटी त्याच बाकावर होती, एकटी. चौकटीपलीकडे झाडाच्या फांद्या वाऱ्याने वाकत होत्या. आत माझ्या पदराचं टोकही हलत नव्हतं.

"कोणाशी बोलत होतीस?"

"काका होते ना आत्ता... शालवाले. मी कुडकुडत होते तर म्हणाले, थांब पोरी, झोत लागतोय, लावून घेतो." तिची नजर चौकटीवर गेली. "ताई... हिला झडप नाहीये का गं?"

"तू ऊठ आधी तिथून."

"मी म्हटलं त्यांना, तोंडाला रुमाल लावा. तर हसले. म्हणाले, घाबरतेस कशाला, मी..."

"पुरे. पुढचं बोलू नकोस."

थंडी सरायच्या आत तिला ताप आणि खोकला सुरू झाला. थुंकी तपासणाऱ्या मुलीने हसत बातमी आणली, "सिस्टर, निगेटिव्ह!" मी इतक्या जोरात ओरडले की ती बिचारी दचकली. डॉक्टर म्हणाले, उगाच घाबरताय. मी त्यांच्या दारातून हलले नाही. मोठी तपासणी करायला लावली.

जंतू सापडले. काकांच्या जंतूंनी ज्या गोळ्यांना दाद दिली नव्हती, नेमक्या त्याच गोळ्यांना हेही दाद देत नव्हते.

डॉक्टरांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "ही त्या काकांच्या संपर्कात कधी आली होती?"

"ते गेल्यावर," मी म्हटलं.

त्यांना वाटलं, मला प्रश्न नीट कळला नाही.

वेळेत कळलं म्हणून धाकटीला दुसरी, योग्य औषधं सुरू झाली आहेत. अंगी लागतायत, वजन वाढतंय. मी तिच्या खाटेजवळची खिडकी सताड उघडून समोर खुर्ची टाकून बसते. तिला मी असं जाऊ देणार नाही.

पण आज सकाळी मी हॉलमध्ये डोकावले. बाहेर गार वारा सुटला होता. बाक भरला होता, एचआयव्हीच्या गोळ्यांना आलेली माणसं खेटून बसली होती. चौकटीला अजून झडपं नाहीत. झडपं काढली तेव्हा थंडीच्या नावाने कुरकुरलेल्या त्या माणसांतल्या एकालाही गार लागत नव्हतं.