बिननावाची हाक

जयंतीनं बेसनाचे लाडू केले ते ॲग्नेससाठी, चांगला मोठा स्टीलचा डबा भरून. सस्काटून शहरातून उत्तरेला दिवसभर गाडी हाकायची, रस्ता संपला की मोटारबोटीनं तळं ओलांडायचं आणि एका आदिवासी कुटुंबाच्या मासेमारीच्या तळावर तंबू ठोकून राहायचं. इतक्या लांब कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं म्हणजे काय! "कॅम्पिंगला लाडू?" म्हणून तिचा नवरा नंदकुमार हसला खरा, पण डबा त्यानंच उचलून गाडीच्या डिकीत नीट ठेवला.

ॲग्नेसशी ओळख झाली ती हिवाळ्यात. जयंती वृद्धाश्रमात फिजिओथेरपिस्ट होती, आणि ॲग्नेस मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन तिथे आली होती. जयंतीनं तिला पुन्हा चालायला शिकवलं. नंदकुमार एरवी बायकोच्या कामाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. त्या हिवाळ्यात मात्र तो सारखा म्हणायचा, "ड्यूटी संपली तरी थांबत जा गं त्या म्हातारीजवळ. बिचारी एकटी असते." जयंतीला किती बरं वाटलं होतं! उशिरा का होईना, माणसाला पाझर फुटला, असं तिनं लेकीला फोनवर सांगितलंसुद्धा.

नंदकुमार एका खाण कंपनीत भूगर्भतज्ज्ञ होता. साल दोन हजार सहा, युरेनियमला सोन्याचे दिवस आलेले. ॲग्नेसच्या घरच्यांनी कंपन्यांची माणसं धक्क्यावरूनच परत पाठवली होती. म्हणून निमंत्रण देताना ॲग्नेसनं स्पष्ट विचारलं, "जयंती, तुझा नवरा खाणवाला आहे ना?"

"पाहुणा म्हणून येईल. माझा शब्द," जयंती म्हणाली.

"मग ठीक. तुझ्या शब्दावर."

तळ होता छोट्याशा खाडीच्या काठी. मागे काळसर स्प्रूसची झाडी, पुढे थंड पाणी, मधे धुरावर मासे वाळत घातलेले. ॲग्नेसचा मुलगा लिऑन कमी बोलायचा आणि खूप काम करायचा. ॲग्नेसनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मासे खा, बेरी खा, हवं तितकं हिंडा. इथला दगड मात्र न्यायचा नाही. नंदकुमारनं छातीवर हात ठेवून मान डोलावली. गुणी बाळ जसं.

जयंती तिथे रमली. मासा कापायला शिकली, ॲग्नेसच्या हातचा काळा चहा प्यायली, लाडवांचं कौतुक ऐकून लाजली. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली. ही मायलेकं एकमेकांना कधी नुसती हाक मारत नसत. शेजारी बसलेल्या लिऑनकडून मीठ हवं असलं तरी ॲग्नेस आधी "लिऑन" म्हणायची, मग मीठ मागायची. 'ए', 'अरे', 'ऐक' असलं काही नाहीच. असेल बाई यांची रीत, असं म्हणून जयंतीनं सोडून दिलं.

तिची स्वतःची रीत वेगळी होती. नागपूरच्या घरात वाढलेली ती, लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. लेक चिडवायची, "आई, ही हॅज अ नेम, यू नो." तरी आपलं 'अहो'च.

त्या संध्याकाळी ऊन अजून पाण्यावर रेंगाळत होतं. जयंतीनं चुलीपाशी बसल्या बसल्या हाक मारली, "अहो, चहा झाला!" मागे झाडीत काटक्या मोडल्या. कुणीतरी चालत आलं आणि थांबलं. धुरानं तिचे डोळे मिटलेले. तिनं कप मागे धरला, तो कुणीतरी घेतला. बोटं गार लागली. लागणारच, पाण्यात हात घालून आले असतील.

मग नंदकुमार समोरून, तळ्याकडून वर आला. "माझा चहा कुठंय?"

कप सापडला झाडीच्या कडेला, शेवाळावर नीट ठेवलेला. चहा तसाच होता, काठोकाठ. "लिऑननं नेला असेल," नंदकुमार म्हणाला. लिऑन तेव्हा बोट घेऊन जाळी काढायला गेलेला होता.

ॲग्नेसनं तो कप उचलला, चहा मातीत ओतला आणि जयंतीला जवळ बसवलं.

"जयंती, तू त्याला काय म्हणून बोलावतेस?"

जयंतीनं हसत हसत सगळं समजावून सांगितलं. ॲग्नेस हसली नाही.

"म्हणजे ही हाक कुणालाही लागू पडते."

"पण तिथे दुसरं होतंच कोण?"

ॲग्नेसनं आगीवरचा मासा उलटला. म्हणाली, "पलीकडच्या गावचे लोक आम्हाला हसतात. हसू देत. आमच्या घराचा एक नियम आहे. निघताना, ज्यानं पाहुणा आणला त्यानं बोटीत बसून त्या पाहुण्याला नावानं हाक मारायची. नावानं येतो तो आपला."

"आणि नावाशिवाय?"

ॲग्नेसनं तिच्या ताटात मासा वाढला. "खा, जयंती. गार होईल."

त्यानंतर जयंतीनं नवऱ्याला हाकच मारली नाही. काही हवं असलं की उठून त्याच्याजवळ जायची. झाडीकडे पाठ करून बसणंही तिनं सोडलं.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं सामान आवरायला घेतलं. लाडवांचा डबा रिकामा असायला हवा होता, पण तो हातानं उचलेना. झाकण उघडलं तर आत दगड. काळे, पिवळट शिरा असलेले, प्रत्येक दगड तिच्याच जुन्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेला.



"हे काय हो?"

नंदकुमारनं आधी तंबूबाहेर डोकावून पाहिलं. "हळू बोल. दगडच तर आहेत."

"मी शब्द दिलाय तिला!"

"म्हणून तर आत येता आलं." तो समजुतीच्या सुरात बोलत होता, लहान मुलीशी बोलावं तसा. "अगं, आमच्या कुणाला ह्यांनी पाय ठेवू दिला नसता. तुझी त्या म्हातारीशी गट्टी जमली म्हणून जमलं हे. उगाच का मी हिवाळाभर तुला तिच्याकडे थांबायला सांगत होतो?"

जयंती खालीच बसली. तिचं ते उशिरा घरी येणं, त्यानं गरम करून ठेवलेलं जेवण, 'बिचारी एकटी असते'. मेल्यानं मायासुद्धा हिशेबानं केली होती! आणि ती वेडी, लेकीला फोन करून कौतुक सांगत बसली होती.

"परत ठेवून या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"बरं बाई, ठेवतो."

तो डबा घेऊन काठाच्या मोठ्या खडकामागे गेला. जयंती सामान घेऊन बोटीत जाऊन बसली. बोटीतून खडकामागचं थोडंसं दिसत होतं. नंदकुमार वाकून एकेक दगड काढत होता आणि निळ्या जॅकेटच्या खिशांत कोंबत होता. मग तो आणखी आत सरकला आणि दिसेनासा झाला.

लिऑननं मोटर सुरू केली. काठावर ॲग्नेस काठी टेकून उभी होती.

"जयंती, नावानं बोलाव त्याला."

जयंतीनं तोंड उघडलं. नाव काही आलं नाही. इतक्या वर्षांची सवय, त्यावर हा संताप. कुठल्या तोंडानं घ्यायचं या माणसाचं नाव?

"अहो!" ती ओरडली. "येताय ना?"

झाडीत काटक्या मोडल्या.

तो स्प्रूसमधून बाहेर आला. खडकामागून नव्हे. तेच निळं जॅकेट, तेच विरळ केस, तीच किंचित डावीकडे झुकणारी चाल. जॅकेटचे खिसे सपाट होते.

पाण्यात पाय न भिजवता तो बोटीत चढला. बोट हलली नाही.

लिऑन मोटरकडेच बघत राहिला. मानेवरची शीर ताठ झालेली.

"अगं! थांब!" खडकामागून आवाज आला. नंदकुमारचा. "ए, मला सोडून कुठं चाललीस? जयंती!" आवाज येत होता, माणूस मात्र खडकापुढे येत नव्हता.

ॲग्नेसनं दोन्ही हात उंचावले. "अजून वेळ आहे! नाव घे, जयंती!"

 समोर बसलेला तिच्याकडे बघत होता, अगदी मन लावून, ती काय म्हणेल ते ऐकायचंच असल्यासारखा. तिच्याकडे असं कुणी कधी बघितलं होतं, तिला आठवेना.

"जयंती! अगं ऐक तरी!"

तिनं ऐकलं.

मग मान वळवून ती लिऑनला म्हणाली, "लिऑन, चल."

बोट खाडीच्या टोकाला वळेपर्यंत हाका येत होत्या. शेवटची मधेच तुटली. ॲग्नेसनं हात खाली घेतले, वाळत घातलेल्या माशांवर फडकं ओढलं आणि खडकाकडे न बघता ती तंबूत गेली.

गाडी जयंतीनंच चालवली. खडीचा रस्ता संपून डांबरी लागला. तो शेजारी शांत बसून होता. तिला घाम आला की काच खाली करायचा, डोळ्यांवर ऊन आलं की तिच्या बाजूची उन्हाची झडप उतरवायचा. ती रडली तेव्हाही त्यानं 'पुरे आता' म्हटलं नाही. वाटेत ला रॉन्ज गावात ती पेट्रोल भरायला थांबली. त्यानं खाली उतरून स्वतः नळी धरली.

परत येऊन बसल्यावर तो पहिल्यांदा बोलला. आवाज बरोबर होता, थोडा नवा.

"माझं नाव काय?"

जयंती कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून बसली. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"नंदकुमार," ती म्हणाली.

तो ते पुटपुटत राहिला, हळू, पुन्हा पुन्हा, नव्या वहाणा घालून घरातल्या घरात चालून बघावं तसा. गावाच्या वेशीपर्यंत त्याला ते अगदी चपखल बसलं होतं.